प्रश्न सातवा

नंदुरबारच्या बाहेर जानेवारीत
जमीन दिसत नाही.
मिरची दिसते. एकरच्या एकर लाल पथारी,
पाय ठेवायला जागा शोधावी लागते
आणि येणारा माणूस शिंकून आपण आल्याचं कळवतो.

मी चाळीस प्रश्नावल्या घेऊन गेलो होतो.
विषय : मानवी गरजा आणि प्रेरणा.
कॉलेजचा शिक्का, तळाशी अधोरेखित :
माहिती गोपनीय ठेवली जाईल.

बाया देठ खुडत होत्या,
तोंडाला फडकं, उघडे फक्त डोळे.
किलोमागे काय मिळतं, हा प्रश्न तिसरा.
रात्री पोटभर होतं का, चौथा.
दाराला कडी आहे का, पाचवा.
सहाव्यात घरचे तुम्हाला विचारून काही करतात का.
आणि सातवा :
या सगळ्यापलीकडे तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?

सातवा मी बहुतेकींना विचारलाच नाही.
खालचे रकाने रिकामे असले
की वर जायचं नसतं,
असं मी शिकलो होतो
आणि बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवत होतो,
फळ्यावर त्रिकोण काढून, आत चार आडव्या रेघा.

तोच त्रिकोण मी गुमानबाईला
फॉर्मच्या पाठीमागे काढून दाखवला.
खाली भाकर, पाणी, झोप. वर वर जात
टोकाला, म्हटलं, माणूस जो होऊ शकतो तो.
तिनं कागद लांब धरला, जवळ धरला.
"हाऊ ढीग शे का?"
मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.
"टोकवर बसशी तं घसरशी, भाऊ,"
ती म्हणाली, आणि पुढची पाटी ओढली.

चौथ्या प्रश्नाला तिनं
'कधी कधी' असं उत्तर दिलं होतं.
तिची मी तिथंच घडी घातली.

हेल्मेट विसरलं म्हणून संध्याकाळी परत आलो.
दवाच्या भीतीनं मिरची गोळा करून झाकलेली,
ताडपत्रीवर विटा.
मधली जमीन उघडी, तांबूस, सपाट,
आणि तिच्यावर गुमानबाई सायकलवर.
लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं,
मागं कॅरिअर धरून नात जोशिला पळतेय,
शाळेच्या गणवेशात, एका पायात चप्पल.

पडली.
उठली. हँडल सरळ केलं दोन गुडघ्यांत धरून,
जसं काही हे तिला वर्षानुवर्षं येतंय.
पुन्हा पडली.
कोपर फुटलं होतं की मिरचीचा रंग होता,
सांगता येईना.

"कुठं जायचंय सायकलनं?" मी विचारलं.
"कोठेच नही."
"मग?"
"मले येवाले पाहिजे."

एवढंच. जोशिला म्हणाली, आजी
पोळ्यापासून शिकतेय,
काम नसतं त्या दिवशीही येते,
काकानं सायकल लपवली होती तर
दोन दिवस जेवली नाही.
मी चौथ्या प्रश्नाचं उत्तर आठवलं.
ते आता कोणत्या रकान्यात घालायचं
मला कळेना.

गुमानबाई कोपर पदरानं पुसत होती.
"आन तुले काय पाहिजे, भाऊ?"
इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं,
मुलाखतीतसुद्धा नाही.
मी म्हणालो, पीएच. डी.
"मंग काय व्हई?"
पगार वाढेल, म्हणालो.
ती हसली, फडक्याशिवायचं तिचं तोंड
मी पहिल्यांदा पाहिलं.
"तो तं तिसरा सवाल शे."

मग माझ्याकडे पाठ करून :
"जोशिला, धर वं."

हेल्मेट ताडपत्रीच्या कडेला होतं,
आत दोन मिरच्या.
अंधार पडेपर्यंत मी गाडी सुरू केली नाही.
ती सरळ चार-पाच हात जायची,
मग एका बाजूला.
डावीकडेच जास्त.